शनिवार-रविवारी घरच्यांसोबत बघायला जुने कृष्णधवल मराठी सिनेमे कोणते? मुलं कंटाळणार नाहीत ना?

नावं सांगते, पण आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा आणि 'पिक्चर साइज' काय ठेवलाय ते बघा. 'फुल', 'वाइड' किंवा 'झूम' असेल तर बदलून '4:3' किंवा 'ओरिजिनल' करा. डावी-उजवीकडे काळे पट्टे येतील. ते तसेच राहू द्या. हे करणार नसाल तर जुने सिनेमे लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच पट्ट्यांवरून आमच्या घरात दिवाळीपासून वाद चालू आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो, माझे धाकटे दीर ऐरोलीला. दिवाळीत जुना टीव्ही काढून 55 इंची घेतला. तो भाऊजींनीच पसंत केला आणि भिंतीवर ठोकून देईपर्यंत उभे राहिले, ते मी विसरलेले नाही. पण तेव्हापासून ते आले की आधी रिमोट घेऊन चित्र पडदाभर ताणतात. "वहिनी, एवढे पैसे मोजले ते काय काळे पट्टे बघायला?"

आता हिशेब बघा. 1930-40 च्या दशकातल्या बोलपटांची चौकट साधारण 1.37 ला 1, म्हणजे जवळजवळ चौरस. आपले आजचे टीव्ही 16:9, म्हणजे 1.78 ला 1. ती चौकट आडवी ताणली की पडद्यावरचा प्रत्येक माणूस जवळपास 30 टक्के रुंद होतो. ताणण्याऐवजी 'झूम' केलंत तर माणसं रुंद होत नाहीत, पण वरून-खालून मिळून चित्राचा जवळपास चौथा हिस्सा कापला जातो. 'संत तुकाराम' (1936) करणारे दामले आणि फत्तेलाल हे चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेले लोक. चौकटीत कुठे काय बसवायचं हे ज्यांना कळत होतं त्यांच्या चित्राचा चौथा भाग आपण सोफ्यावर बसून कापायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

तर जुलैतला शनिवार. बाहेर धो धो पाऊस, सासऱ्यांचे गुडघे धरलेले, भाऊजी-जाऊबाई आणि मुलं आदल्या रात्रीच आलेली. मी 'कुंकू' (1937) लावला. शांतारामबापूंचा, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या नीराची गोष्ट. शांता आपटे नीरा, केशवराव दाते तो वकील. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात भाऊजींनी रिमोट घेतला.

बाहेर आले तर अण्णा, म्हणजे माझे सासरे, खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. म्हणाले, "अगं, ही शांता आपटे नव्हे. तिचा चेहरा असा नव्हता." अण्णांनी प्रभात कंपनीचे ('कुंकू' त्यांचाच) सिनेमे लहानपणी, पुन्हा लागायचे तेव्हा, थिएटरात पाहिलेले. खरंच गालफडं बाजूला ओढल्यासारखी दिसत होती. कपाळावरचं कुंकू आडवं पसरलेलं, आणि घड्याळाची तबकडी चक्क अंड्यासारखी! या सिनेमात त्या म्हाताऱ्याच्या जोडीला घड्याळ आहे, ते जणू एक पात्रच आहे, आणि तेच लंबगोल. तेव्हापासून मी सगळ्यांना हीच परीक्षा सांगते: पडद्यावर काहीतरी गोल शोधायचं. घड्याळ, गाडीचं चाक, ताट. ते गोल दिसलं नाही तर चित्र ताणलेलं आहे, वाद संपला.

आमचा मात्र संपला नाही. मी 4:3 केलं. पुढच्याच प्रसंगात भाऊजी म्हणाले, "बघा, आता आवाजपण गेला." आवाज गेला नव्हता. 'कुंकू'ला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या प्रसंगातलंच: पावलं, घड्याळ, भांडी, कुणी गात असेल तर गाणं. आताच्या मालिकांमध्ये कुणी दार उघडलं तरी ढॅण होतं, त्या सवयीने ही शांतता लोकांना बिघाड वाटते. भाऊजींनी आवाज चाळीसवर नेला आणि नेमकी आमच्या कुकरची शिट्टी झाली. धाकट्या पुतण्याने कानावर हात ठेवले, जाऊबाई आत धावल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वहिनी, पाणी!"

वॉशिंग मशीनचा पाइप थरथरून मोरीतून निसटला होता. साबणाचं पाणी पॅसेजमधून हॉलकडे येत होतं आणि टीव्हीखाली जमिनीवरच एक्स्टेन्शन बोर्ड. भाऊजींनी उडी मारून मेन स्विच पाडला. ते त्यांनी अगदी वेळेवर केलं. मग यांनी पाइप परत बसवून दोरीने बांधला आणि आम्ही दोघी जावा फडकी पिळत राहिलो. त्यात सोसायटीने त्याच दिवशी टाकी धुवायला काढलेली, त्यामुळे फरशी पुसायला स्वच्छ पाणी पिंपातलंच. (तुमच्याकडेही मशीन जुनं असेल तर पाइप मोरीच्या नळाला बांधून ठेवा आणि बोर्ड जमिनीवर ठेवू नका.)

सगळं वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. 'कुंकू' पुन्हा लावला तेव्हा अण्णा म्हणाले, "चौकटीतच ठेव." घरात अण्णांच्या शब्दावर कुणी बोलत नाही. भाऊजी बोलले नाहीत, पण शेवटपर्यंत मोबाइलमध्ये होते.

रविवारी 'शेजारी' (1941). मिर्झा आणि जिवा पाटील हे दोन जिवलग म्हातारे, आणि गावात धरण बांधायला आलेली कंपनी त्यांच्यात फूट पाडते. गजानन जागीरदार मिर्झा, केशवराव दाते जिवा. मोठा पुतण्या बुद्धिबळाच्या क्लासला जातो. दोघे म्हातारे पटावर बसले तसा तो टीव्हीजवळ सरकला आणि तिथेच मांडी घालून बसला. धरण फुटण्याच्या प्रसंगाच्या वेळी ओट्यावर दूध उतू गेलं, करपल्याचा वास हॉलपर्यंत आला, आणि तरी कुणी उठलं नाही. मुलं कंटाळतात का या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. चित्र नीट दिसलं, मोठी माणसं मोबाइल बाजूला ठेवून बसली, की मुलं बसतात. 'जुनं आहे, जरा स्लो आहे, पण बघा हं' असं आधीच सांगून ठेवलंत तर ती दहा मिनिटांत उठणारच.

नावं विचारलीत, तर सुरुवात 'लाखाची गोष्ट'पासून (1952) करा. राजा परांजपे यांचा, गाणी गदिमा आणि सुधीर फडक्यांची. महिन्याभरात लाख रुपये खर्च करून दाखवायचे, अशी अट आहे. मुलांना ती लगेच कळते आणि आई-बाबा गाणी म्हणत बसतात. दुसऱ्या दिवशी 'शेजारी'. 'संत तुकाराम' कधीही लावा. विष्णुपंत पागनीस तर आहेतच, पण मला त्यात तुकोबांची बायको झालेल्या गौरी जास्त आवडतात, संसार ओढणाऱ्या बाईचा राग असा कुणी केला नाही. 'कुंकू' लहान मुलं झोपल्यावर लावा. विषय जड आहे आणि शेवटही.

एकदा मधे थांबायला हरकत नाही, थिएटरातही मध्यंतर असायचंच. पण दीडपट वेगाने अजिबात लावू नका.

दोन गोष्टी राहिल्या. 4:3 चा नियम साठच्या दशकानंतरच्या सिनेमांना सरसकट लावू नका. पुढे रुंद पडद्याचे सिनेमे आले, त्यांना पट्टे वर-खाली येतात आणि तेच बरोबर असतं. आणि नेटवर काही जणांनी सिनेमे आधीच ताणून चढवलेत. तिथे 'ओरिजिनल' करूनही तबकडी अंड्यासारखीच दिसली तर टीव्हीला सक्तीने 4:3 करून बघा, बऱ्याचदा जमतं. नाहीच जमलं तर दुसरी प्रत शोधा.

आणि भाऊजींचा शेवटचा मुद्दा, की काळ्या पट्ट्यांनी पडदा खराब होतो. साध्या एलईडी टीव्हीला पट्ट्यांनी काहीही होत नाही. ओएलईडी असेल आणि रोज तासन्‌तास, महिनोन्‌महिने तेच पट्टे ठेवले तर मधला भाग आणि कडा यांची झीज कमी-जास्त होऊ शकते, एका शनिवार-रविवारने नाही. आमचा एलईडी आहे. खोक्यावर लिहिलंय, आणि खोकं अजून माळ्यावर आहे.