एमएच 370 नीट शोधलेच नाही, असे म्हणणाऱ्यांना
प्रश्न असा आहे: ‘उपग्रहावरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते, मग 239 माणसांसह नाहीसे झालेले मलेशिया एअरलाइन्सचे विमान एमएच 370 अजून का सापडत नाही? नीट शोधलेच नाही, की लपवले आहे?’

उपग्रहावरून नंबर प्लेट वाचता येत नाही आणि खोल समुद्राचा तळ तर मुळीच दिसत नाही. मात्र हे उत्तर मी ‘नीट शोधलेच नाही’ या तीन शब्दांसाठी लिहितो आहे, कारण सर्वेक्षण जहाजांवर सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर बसण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली.

काकीनाड्याच्या पुढे, बंगालच्या उपसागरात, आमच्या जहाजावरून खाली सोडलेली उपकरणांची एक पोलादी चौकट वायररोप तुटून तळाशी गेली. खोली हजार मीटरांच्या वर होती. रोप तुटला त्या क्षणीची जागा जीपीएसवर नोंदलेली होती, समुद्र शांत होता आणि बंदर जवळ होते. तरीही चौकट सापडायला आठवडा उलटून गेला. दोन्ही बाजूंचा तळ पाहणाऱ्या साइड-स्कॅन सोनारचा ‘फिश’, म्हणजे पाण्याखालून ओढायचा त्याचा भाग, काही किलोमीटर केबलच्या टोकाला, तळापासून ठरावीक उंचीवर राखत ओढावा लागतो. वेग वाढवला की तो वर उचलला जातो, म्हणून जहाज रेंगाळतच न्यावे लागते, आणि एक ओळ संपल्यावर एवढी केबल मागे घेऊन वळून पुढच्या ओळीवर यायलाच काही तास जातात. पडद्यावर तपकिरी चित्र वरून खाली सरकत राहते. त्यात कठीण वस्तू उजळ दिसते आणि तिच्यामागे काळी सावली पडते, पण खडकाचेही तसेच असते. म्हणून प्रत्येक संशयित ठिपका नोंदवायचा, त्यावरून दुसऱ्या दिशेने पुन्हा जायचे आणि खडक निघाला की यादीतून खोडायचा. आमची चौकट अखेर सापडली ती पहिल्या दिवशीच्या एका ओळीच्या बरोबर खाली, फिशच्या थेट पोटाखालच्या त्या चिंचोळ्या पट्टीत, जिथे साइड-स्कॅनला धड दिसतच नाही.

आता एमएच 370 कडे पाहा. 8 मार्च 2014 रोजी क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेल्या या विमानाचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र, तासाभरात बंद झाला आणि पहाटे 2:22 नंतर ते लष्करी रडारवरूनही गेले. त्यानंतर उरले ते इनमारसॅट या कंपनीच्या उपग्रहाशी सुमारे तासातासाने झालेले आपोआप संपर्क. त्यावरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होते ते काढता आले, नेमके कुठे होते ते नाही. तेवढ्या अंतरावरच्या सगळ्या शक्य जागा नकाशावर एका चापावर, म्हणजे वर्तुळाच्या तुकड्यावर, येतात. 8:19 च्या शेवटच्या संपर्काचा चाप, ज्याला सातवा चाप म्हणतात, तो हजारो किलोमीटर लांब आहे. अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्स 447 या विमानाच्या वेळी शेवटची जागा ठाऊक होती, तरंगते अवशेषही काही दिवसांत मिळाले होते, आणि तरी 2009 मध्ये बुडालेले ते विमान सापडायला 2011 उजाडले.

दक्षिण हिंद महासागरात ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली झालेल्या शोधात जानेवारी 2017 पर्यंत 1,20,000 चौरस किलोमीटर तळ तपासला गेला, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून अधिक. बंदरापासून तिथे पोहोचायलाच सुमारे सहा दिवस लागत, आणि खोली बऱ्याच ठिकाणी चार किलोमीटरच्या आसपास होती. त्या तळाचा धड नकाशाही नव्हता. तो आधी तयार करावा लागला. याच शोधात जवळजवळ 3,900 मीटर खोलीवर एकोणिसाव्या शतकातले बुडालेले जहाज सापडले. जुन्या जहाजाचे विखुरलेले अवशेष ज्यांच्या नजरेतून सुटले नाहीत, त्यांनी डोळे मिटून काम केले असे मला कुणी सांगू नये.

माझा मावसभाऊ ‘नीट शोधलेच नाही’ हे गेली अनेक वर्षे प्रत्येक लग्नात सांगत आला आहे. तो संगणक अभियंता आहे, हुशार आहे, आणि विमान दिएगो गार्सिया या हिंद महासागरातल्या अमेरिकी लष्करी तळाच्या बेटावर उतरवले असे ठामपणे मानतो. जुलै 2015 मध्ये रियुनियन बेटावर त्याच विमानाचा फ्लॅपेरॉन, म्हणजे पंखाचा एक हलता भाग, वाहत आला, त्याचे तो काय करतो, हे मी त्याला विचारले आहे. उत्तर मिळालेले नाही. ‘एवढे पैसे पाण्यात गेले’ हे त्याचे दुसरे वाक्य. एखादा भाग तपासून तिथे विमान नाही हे ठरवणे म्हणजे काम फुकट जाणे नव्हे. पुढचा शोध त्यावरच आखला जातो. 2016 च्या अखेरीस तज्ज्ञांनी उत्तरेकडचा सुमारे 25,000 चौरस किलोमीटरचा पट्टा सुचवला, तो आधीचा भाग बाद झाला म्हणूनच.

मी स्वतः त्या शोधात नव्हतो, हे सांगितले पाहिजे. वैमानिकाने काय केले याबद्दल मला काही म्हणायचे नाही. उभ्या कड्यांवर आणि खोल घळींत सोनारला अडचण येते, त्यामुळे तपासलेल्या भागातही काही सुटले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. ओशन इन्फिनिटी या कंपनीने 2018 मध्ये आणखी एक मोठा पट्टा पाहिला, तेव्हाही काही मिळाले नाही. मलेशियाने 2025 मध्ये तिच्याशी ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर पुन्हा करार केला. त्या विमानात पाच भारतीय होते, त्यांत मराठी घरांतली माणसेही होती, म्हणून हा शोध सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते.

ऑस्ट्रेलियाने त्या तळाचे नकाशे 2017 मध्ये सर्वांसाठी खुले केले आहेत. ते उघडून पाहा, आणि कुणी ‘नीट शोधले नाही’ म्हटले तर यातला नेमका कोणता तुकडा राहिला, एवढे त्याला दाखवायला सांगा.