हलाल मटण म्हणजे नेमकं काय? नुसतं नाव घेतलं की झालं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: अल्लाहचं नाव घेतलं की कुठलंही मांस हलाल होतं का, आणि जनावराला मुद्दाम हळूहळू मारतात हे खरं का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण तो ऐकला की मला मनापासून वाईट वाटतं. सुरी धरायला मी अब्बांकडून शिकलो. सुरुवातीचे कित्येक दिवस त्यांनी मला फक्त धार लावायला बसवलं. मग ते पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघायचे. घसरलं की पुन्हा दगडावर. हे सगळं आडोशाला. एकदा मी बकऱ्यासमोरच सुरी घासायला बसलो, तेव्हा ते म्हणाले, "त्याला दोनदा मारणार आहेस का?" पैगंबरांनी (स.) बकरीसमोर धार लावणाऱ्या एका माणसाला हेच विचारलं होतं, हे मला पुढे कळलं. 'सहीह मुस्लिम' या हदीस-संग्रहातही स्पष्ट हदीस (पैगंबरांचं वचन) आहे: जिबह (गळा कापून जनावर मारणं) करताना नीट करा, सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या. म्हणूनच एक जनावर दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कापायचं नाही, आणि जीव पूर्ण गेल्याशिवाय सोलायला घ्यायचं नाही.

सुरी गळ्यावर पुढून फिरते, झटकन. श्वासनळी, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा कापल्या जातात. हनफी आणि शाफई हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ; हनफी मताप्रमाणे या चारांपैकी किमान तीन कापल्या जायला हव्यात. शाफई मतात श्वासनळी आणि अन्ननलिका पूर्ण कापणं आवश्यक. मान धडावेगळी करायची नसते. मग रक्त वाहून जाऊ द्यायचं, कारण वाहतं रक्त कुरआनने हराम (निषिद्ध) ठरवलंय.

आता नावाबद्दल. जिबह करताना 'बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर' म्हणतात. हनफींमध्ये ते जाणूनबुजून टाळलं तर मांस हराम, विसरलं तर चालतं. शाफईंमध्ये नाव घेणं सुन्नत आहे, म्हणजे चांगलं पण सक्तीचं नाही. करणारा शहाणासुरता मुसलमान असावा. ज्यू आणि ख्रिश्चन यांनी केलेलं जिबहही कुरआनात (5:5) चालतं म्हटलंय, आधुनिक कत्तलखान्यांबाबत मात्र वाद आहेत. बाईने केलं तरी चालतं. 'सहीह बुखारी' या हदीस-संग्रहात आहे: मेंढ्या राखणाऱ्या एका दासीला कळपातली एक मेंढी मरायला टेकलेली दिसली. तिने दगड फोडला आणि त्याच्या धारेने तिला जिबह केलं. पैगंबरांना विचारलं, तर त्यांनी ते खायला सांगितलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात वेळेवर हात चालवण्याला किती मोल आहे ते दिसतं.

कारण उशीर झाला असता तर ती मेंढी हरामच ठरली असती. कुरआनातल्या सूरह अल-माइदा या अध्यायाच्या तिसऱ्या आयतीत (वचनात) हराम गोष्टींची यादीच आहे: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं, शिवाय गुदमरून, मार लागून, उंचावरून पडून, शिंग लागून किंवा हिंस्र प्राण्याने फाडून मेलेलं. यातलं एखादं जिवंत सापडून जिबह झालं तर चालतं. डुकरावर कितीही वेळा नाव घेतलं तरी ते हलाल होत नाही. सुळे असलेले शिकारी प्राणी, पंजाने शिकार करणारे पक्षी हेही बहुतेक मतांप्रमाणे वर्ज्य. माशाला जिबह लागत नाही.

कत्तलखान्यात आधी विजेचा झटका देऊन जनावर बेशुद्ध करतात, त्यावर उलेमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) एकमत नाही. परवानगी देणाऱ्यांचीही एक अट असते: सुरी फिरेपर्यंत जनावर जिवंत असलं पाहिजे.

आणि मांस कोणी कसं कापलं हे माहीत नसेल तर? पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितलेली हदीस आहे. काही नवमुस्लिम मांस आणून द्यायचे, त्यावर नाव घेतलंय की नाही हे लोकांना कळायचं नाही. पैगंबर म्हणाले, तुम्हीच नाव घ्या आणि खा. म्हणून मुसलमानाच्या घरी पाहुणा म्हणून बसलो की मी खोदून विचारत नाही. बिस्मिल्लाह म्हणतो आणि जेवतो.