रक्त थांबले म्हणजे माज संपला असे नाही

तुमची कुत्री दहाव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर आली, सतराव्या महिन्यात पुन्हा आली, आणि या वेळी अकराव्या दिवशी रक्त दिसेनासे झाले. तेव्हा आता तिला मोकळे सोडावे का आणि पुढचा माज कसा ओळखावा, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखे नाही: आणखी किमान दोन आठवडे तिला पट्ट्याशिवाय बाहेर नेऊ नका. रक्त थांबणे किंवा फिकट होणे याचा अर्थ बहुतेक वेळा तिचे गाभण राहण्याचे दिवस आता सुरू झाले, असा असतो.

हा घोटाळा होतो तो आपण कुत्रीच्या माजाची बाईच्या पाळीशी तुलना करतो म्हणून. बाईला गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचे अस्तर गळून रक्त जाते. कुत्रीत मात्र माजाच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढून गर्भाशयाच्या अस्तराकडे रक्तपुरवठा वाढतो आणि त्यातून रक्तपेशी पाझरतात. म्हणजे एकीकडचे रक्त शेवटाचे, तर दुसरीकडचे तयारीचे. तयारीचा हा टप्पा सरासरी 9 दिवसांचा असतो. या काळात नर तिच्या मागे लागतात, पण ती त्यांना अंगाशी येऊ देत नाही, गुरगुरते किंवा खाली बसते. त्यानंतरचा टप्पा, ज्यात ती नराला स्वीकारते, तोही सरासरी 9 दिवसांचाच, पण दोन्ही टप्पे 3 दिवसांइतके आखूड किंवा अडीच-तीन आठवड्यांपर्यंत लांब असू शकतात. म्हणूनच ‘बाराव्या दिवशी नर दाखवा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला कधीच पटला नाही. माझ्याच दोन कुत्र्यांपैकी एक आठव्या दिवशी उभी राहायची आणि दुसरी सतराव्या दिवसापर्यंत नराला फाडून खायला उठायची.

तेव्हा नुसते दिवस मोजून भागत नाही, खुणाही पाहाव्या लागतात. रोज सकाळी, ती बाहेर जाण्याआधी, पांढरा टिश्यू पेपर योनिमुखाला हलकेच टेकवावा आणि त्यावरचा रंग वहीत लिहावा. काही कुत्र्या स्वतःला इतक्या नेटाने चाटून स्वच्छ ठेवतात की फरशीवर एक थेंब दिसत नाही, आणि मालकाला माज लक्षात येतो तेव्हा पहिला आठवडा उलटून गेलेला असतो. टिश्यूवर आधी गडद लाल डाग उमटतो, मग तो मांस धुतलेल्या पाण्यासारखा गुलाबी होतो आणि पुढे गवताच्या काडीसारखा पिवळसर. त्याच सुमारास योनिमुखाची सूज नुसती मोठी न राहता मऊ पडते. शेवटची खूण सर्वांत बोलकी आहे: शेपटीच्या मुळाशी खाजवले की कुत्री मागचे पाय रोवून स्तब्ध उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवते. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘दिवस 10. फिकट गुलाबी. सूज मऊ. शेपटी डावीकडे. अर्धेच जेवली.’ एवढे पुरते. मात्र काही कुत्र्यांचा स्राव शेवटपर्यंत लालच राहतो, म्हणून रंगावर एकट्यावर विसंबू नये.

आता दोन आठवडे का, ते सांगते. कुत्रीच्या अंडाशयातून बीज बाहेर पडते तेव्हा ते अपक्व असते. ते फलनक्षम व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतरही ते दोन-तीन दिवस टिकते. शिवाय नराचे शुक्रजंतू तिच्या शरीरात पाच ते सात दिवस जिवंत राहू शकतात. त्यामुळे लवकर झालेला संबंध ‘वाया गेला’ असे समजता येत नाही, उशिरा झालेलाही धोक्याबाहेर नसतो, आणि एकाच वेतात दोन वेगवेगळ्या नरांची पिल्ले होऊ शकतात. बाजारात मिळणारी चड्डी फरशी स्वच्छ ठेवते. नराला अडवायला तिचा काहीही उपयोग नाही. चुकून जोडी अडकलीच, तर ओढून सोडवू नका, दोघांनाही इजा होते. ती आपोआप सुटेपर्यंत शांत ठेवा आणि लगेच पशुवैद्यांशी बोला.

पिल्ले हवीच असतील, तर अंदाजाऐवजी रक्तातील प्रोजेस्टेरॉनची तपासणी दर दोन-तीन दिवसांनी करून घ्यावी. कुत्रीत हे संप्रेरक बीज सुटण्याच्या आधीच वाढू लागते, ही तिची खासियत, आणि म्हणूनच ही तपासणी इतकी उपयोगी पडते. बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवसांनी ती विते. संबंधाच्या तारखेवरून मोजले तर हाच आकडा 57 ते 72 दिवस असा पसरतो.

पुढच्या माजाचा अंदाज घेताना पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे, रक्त थांबल्यापासून नव्हे. दोन माजांमधले अंतर सरासरी सात महिन्यांचे असते, पण पाच महिने काय किंवा अकरा महिने काय, दोन्ही निरोगी कुत्रीत आढळतात. बसेनजी जातीत तर वर्षातून एकदाच माज येतो. तुमच्या कुत्रीचे अंतर सात महिन्यांचे निघाले आहे, पण एका अंतरावरून नियम बांधू नका. पुढच्या वेळी साडेपाच महिने झाले की टिश्यू लावायला सुरुवात करा. कोवळ्या वयात कधीकधी माजाची लक्षणे दिसून मध्येच विरतात आणि काही आठवड्यांनी खरा माज येतो. तसे झाल्यास दोन्ही तारखा लिहून ठेवा.

माज ओसरला तरी वही बंद करू नका. गर्भ राहो वा न राहो, कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन सुमारे दोन महिने चढेच राहते. ते उतरताना काही कुत्र्यांना खोटी गाभण होते: स्तन भरतात, ती अंथरूण उकरते, एखादे खेळणे पिल्लासारखे कुशीत घेऊन बसते. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमते. स्तन पिळू मात्र नयेत, त्याने दूध वाढते. याच काळात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तो जिवावरचा आहे. माजानंतर एक ते दोन महिन्यांत ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली किंवा खाणे टाकले, तर स्राव दिसण्याची वाट पाहू नका, कारण गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू बाहेर येतच नाही. त्याच दिवशी तिला पशुवैद्यांकडे न्या आणि माज कोणत्या तारखेला सुरू झाला होता, हे विचारण्याआधीच सांगा.