घर विकायचंय आणि घ्यायचंयही, मग आधी एजंट नीट बघ

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "ताई, कोणीतरी चांगला एजंट सांगा ना", बस एवढंच. एक नाव पाठवून मोकळी झाले असते पण मुद्दाम पाठवत नाहीये. एक तर माझ्या घरासाठी जो बरा निघाला तो तुझ्या घरासाठी बरा निघेलच असं नाही, आणि दुसरं म्हणजे ओळखीतून आलेल्या एजंटला आपण प्रश्नच विचारत नाही. संकोच वाटतो. ताईंनी सांगितलाय म्हणजे ठीकच असणार असं धरून चालतो आणि नंतर काही बिनसलं की बोलायचीही चोरी. त्यापेक्षा कसा शोधायचा ते लिहिते, जरा लांबेल, निवांत वाच.

आधी एक गणित डोक्यात पक्कं बसव. समज घराचा रेट आपण १०० धरला, ऑफर आली ९६ ची, आणि एजंटचं कमिशन २ टक्के. तू महिनाभर थांबून १०० मिळवलेस तर तुझ्या खिशात जवळपास ४ जास्त येतात. त्याच्या खिशात? ०.०८. आणि त्या ०.०८ साठी त्याने आणखी महिनाभर कुलूप उघडून लोकांना घर दाखवत फिरायचं, फोन घ्यायचे, तुझी चिडचिड ऐकायची. तो का थांबेल? म्हणून तो म्हणतो, "घेऊन टाका, मार्केट स्लो आहे, पार्टी जेन्युइन आहे." तो वाईट माणूस असतो असं नाही, त्याचं गणितच तसं आहे. हे नुसतं माझं म्हणणं नाहीये, लेव्हिट आणि सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या उपनगरांतल्या जवळपास १ लाख घरविक्रीचा डेटा तपासला होता, २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की एजंट जेव्हा स्वतःचं घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी ९.५ दिवस जास्त ठेवतात आणि साधारण ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. स्वतःचं घर असलं की बरोबर थांबायला जमतं!

आणि घेताना तर उलटंच. तू जेवढं जास्त देशील तेवढं टक्क्यांवरचं कमिशन वाढणार. तरी तो म्हणणार मी तुमच्या बाजूने घासाघीस करतोय.

त्यामुळे गोड बोलणारा, ऑफिस चकाचक असलेला, बोर्डवर फोटो असलेला वगैरे सगळं बाजूला ठेव. स्वतःचा तोटा होईल असं काही हा माणूस तुला तोंडावर सांगतो का, तेवढं बघ. मला हे दोन एजंट करून कळलं, पहिला फसला.

पहिल्या वेळी मी तिघांना बोलावलं होतं. दोघांनी साधारण एकच रेट सांगितला, तिसऱ्याने चांगला १५ टक्के जास्त. मी अर्थातच तिसऱ्याला धरलं, कोण नाही धरणार? सहा महिन्यांचा एक्स्क्लुझिव्ह करार, म्हणजे त्या काळात दुसऱ्या कोणाला घर द्यायचं नाही. पहिले दोन आठवडे फोन खणखणले, मग एकदम शांत. मग "ताई थोडं खाली येऊ या का", मग परत थोडं, मग तिसऱ्यांदा. तोपर्यंत बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा की एवढे दिवस का पडून आहे, काही गडबड आहे का. शेवटी जे विकलं ते पहिल्या दोघांनी सांगितलेल्या रेटच्याही खाली. नंतर कळलं की ही जुनी ट्रिक आहे, काम मिळवायला रेट फुगवून सांगायचा, करारावर सही झाली की हळूहळू तुम्हाला खाली आणायचं. म्हणून जो सगळ्यात जास्त सांगेल त्याला विचार, "कशावरून?" आणि उत्तरात आजूबाजूला लोक किती *मागतायत* ते ऐकून घेऊ नकोस, किती ला *विकली गेली* ते विचार. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

पण त्या माणसाचं खरं रूप दिसलं ते वेगळ्याच गोष्टीतून. माझ्या मावसभावाने सहज गंमत म्हणून बायर बनून त्याला फोन केला. याने पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं, "मालकांना पुढचं घर घ्यायचंय, घाईत आहेत, ऑफर टाका, ऐकतील." घाईत आहे हे मीच त्याला सांगितलं होतं, विश्वासाने! मी त्याला कमिशन देणार आणि तो माझीच पानं समोरच्याला दाखवणार. तेव्हापासून माझी पहिली टेस्ट हीच, एजंट ठरवायच्या आधी त्याच्याकडे असलेल्या एखाद्या घरासाठी कोणालातरी बायर म्हणून फोन करायला लाव. फोन उचलतो का, परत करतो का, घराबद्दल माहिती आहे का, आणि मुख्य म्हणजे मालकाबद्दल काय काय बोलून जातो. आज दुसऱ्याच्या घराबद्दल बोलतोय तेच उद्या तुझ्या घराबद्दल बोलणार.

दुसऱ्या वेळी जो आला तो हॉलमध्ये बसलाच नाही. सरळ किचनमध्ये गेला, सिंकखालचं कपाट उघडलं, गुडघ्यावर बसून आत हात घातला आणि मागच्या भिंतीला तळवा लावून ठेवला थोडा वेळ. मग बेडरूममध्ये त्याच भिंतीची दुसरी बाजू बोटाच्या पेराने वाजवत गेला, एका जागी आवाज पोकळ आला. म्हणाला, "ओल आहे, गिलावा सुटलाय. रंग मारून झाकू नका, टोकन झाल्यावर त्यांना सापडली तर दुरुस्तीच्या तिप्पट पाडून मागतील नाहीतर पळून जातील. आधी पाइप बदला, बिल जपून ठेवा, आपण बिलच दाखवू." या भानगडीत सहा आठवडे गेले आणि त्या सहा आठवड्यांत त्याला माझ्याकडून एक पैसा मिळायचा नव्हता. मी त्याच संध्याकाळी हो म्हटलं. (मावसभावाला फोन करायला लावला होताच, तिथेही पास झाला.)

तर तू तिघांना तरी घरी बोलव आणि प्रत्येकाला विचार की गेल्या वर्षभरातली सगळी कामं सांगा, निवडक नको. प्रत्येक घर पहिल्या दिवशी किती ला लावलं, किती ला गेलं, किती दिवस लागले, आणि न विकता किती परत गेली. हे शेवटचं कोणी आपणहून सांगत नाही. ज्याने दहा विकली आणि दहा परत गेली तो फक्त दहा विकल्याचंच सांगणार ना. आणि ती घरं तुझ्या घरासारखी होती का तेही बघ, मोठे बंगले विकणाऱ्याला दोन खोल्यांच्या फ्लॅटचा गिऱ्हाईक वर्ग माहीत असतोच असं नाही. मग जुन्या क्लायंटचे नंबर माग, खूश असलेले तो देईलच, तू म्हण की ज्याचा व्यवहार मधेच मोडला अशा एखाद्याचा द्या. व्यवहार सगळ्यांचेच मोडतात, मोडल्यावर हा माणूस फोन उचलत होता का ते कळायला हवं. आणि घर दाखवायला तो स्वतः येणार की कोणी नवीन पोरगा चावी घेऊन येणार हेही तेव्हाच विचार, कारण बोलायला साहेब आणि कामाला असिस्टंट हे फार चालतं.

करार मात्र बसून वाच, प्लीज. एक्स्क्लुझिव्ह दिलास तरी मुदत कमी ठेव, मधेच सोडायचं झालं तर काय, जाहिरातीचा खर्च वेगळा लावणार का, हे सगळं लिखित. आणि एक कलम असतं ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, करार संपल्यावरही त्याने आणलेल्या पार्टीने पुढे काही महिन्यांत घर घेतलं तर कमिशन द्यावं लागतं. ते तसं न्याय्य आहे, पण त्याच्याकडून कोणाकोणाला घर दाखवलं त्यांची नावांची यादी घे, नाहीतर उद्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण त्याचीच पार्टी होतो. कमिशनबद्दल माझं मत जरा वेगळंय, नुसतं पाडून मागण्यात मजा नाही. एक ठरावीक रेटपर्यंत नेहमीचं कमिशन आणि त्याच्या वर जे मिळेल त्यात मोठा वाटा, असं सुचवून बघ. वर सांगितलेलं ते ०.०८ चं गणित तिथेच बदलतं. सगळे तयार होत नाहीत, पण काय उत्तर देतो त्यावरून माणूस कळतो.

एकच माणूस दोन्ही बाजूंचा असला तर? म्हणजे विकणारा पण त्याचाच, घेणारा पण त्याचाच, आणि कमिशन दोन्हीकडून. बऱ्याच ठिकाणी हे चालतं, काही ठिकाणी लेखी संमतीशिवाय चालत नाही, काही ठिकाणी बंदीच आहे. तू सरळ पहिल्याच भेटीत विचार, "तुमचीच पार्टी आली तर तुम्ही कोणाचे?" यावर जो हसून "दोघांचाही फायदा बघू" म्हणतो ना, त्याच्यापासून मला तरी भीती वाटते. किंमत एकच असते, ती एकाला वाढवून आणि दुसऱ्याला कमी करून कशी देणार?

तुझं अवघड दुखणं हे की विकायचंय आणि घ्यायचंय एकाच वेळी. आधी घेतलंस तर दोन घरांचे हप्ते, आधी विकलंस तर सामान घेऊन जायचं कुठे. इथे चांगला एजंट स्वतःहून तारखांबद्दल बोलतो, म्हणजे विकताना ताबा उशिरा द्यायची अट टाकू या का, किंवा विकल्यानंतर दोन-तीन महिने त्याच घरात भाड्याने राहायचं बोलू या का. नुसतं "होऊन जाईल हो" म्हणणारा नको. दोन्ही कामं एकालाच द्यायची का हे एरियावर आहे, नवीन घर दुसऱ्या भागात असेल तर तिथलाच माणूस बघ, गल्ल्या माहीत असलेला. पण एकालाच दिलंस तर लक्षात ठेव, त्याला तुझी घाई दोन्ही बाजूंनी माहीत असणार.

घेतानाच्या एजंटला तुझं जास्तीत जास्त बजेट कधीही सांगू नकोस. बँक किती कर्ज देईल ते आधी काढून ठेव, पण आकडा सांगताना थोडा खालचा सांग. तो घरं कशी दाखवतो ते बघ, आधी दोन भंगार दाखवून मग त्याला विकायचंय ते दाखवलं की ते राजवाडा वाटतं, सगळ्यांचंच होतं असं, माझंही झालेलं. "दुसरी पार्टी आज टोकन घेऊन येतेय" असं म्हणाला तर म्हण, येऊ दे, मी उद्या रात्री परत बघून मग काय ते सांगेन. रात्रीच बघ, दिवसा सगळी घरं शांत असतात. आणि वकील, कर्जवाला, घर तपासणारा, हे त्याने दिले तरी स्वतःचे वेगळे शोध, त्याला तिथून काही मिळत असेल नसेल, पण तपासणाऱ्याने भिंतीला हात लावताना एजंटच्या तोंडाकडे बघू नये एवढंच.

माझ्या दुसऱ्या एजंटने मला तीन घरं दाखवली आणि तिन्हींना स्वतःच नाही म्हणाला. एकाच्या बाल्कनीत उभं राहून समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलं आणि म्हणाला इथे काही उभं राहिलं की तुमचा उजेड गेला. मी चिडले होते तेव्हा, कारण मला ते घर आवडलं होतं.

या आठवड्यात तिघांना बोलव, सिंकखालचं कपाट मात्र मुद्दाम रिकामं करून ठेव, बघू कोण वाकून बघतं. आणि कराराचे सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, सही करायच्या *आधी*, चष्मा लावून वाचते.

ताई