वर डोळ्यांवर चमक, खाली अंधार

प्रश्न : संभाजीनगरला आमचं ऑफिस आहे, चार मजले, मधे चौक आणि वर सपाट काचेचं छत. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर चौकाच्या खिडकीकडे पाठ करून बसते. अकरा ते तीन स्क्रीनवर धड काही दिसत नाही, पडदे ओढले की ट्यूब लावाव्या लागतात, डोकं दुखतं ते वेगळंच. खालचे अकाउंट्सवाले म्हणतात आमच्याकडे दिवसभर अंधार. आता साहेब चौकाकडच्या काचांना काळी फिल्म लावायची म्हणतायत. लावू द्यायची का?

उत्तर : अजिबात नको ताई. अशा चौकात खालपर्यंत जो उजेड पोचतो तो बराचसा वरच्या भिंती-काचांवर आपटत आपटतच पोचतो, तुम्ही वर काळं लावलं की तो तिथंच गिळला जाणार आणि अकाउंट्सवाले आणखी अंधारात. त्यापेक्षा पांढऱ्या पट्ट्यांचे ब्लाइंड लावा, पट्ट्या वरच्या बाजूनं तिरप्या ठेवा, थोडा उजेड तुमच्या सीलिंगवर जाईल, थोडा परत चौकात.

खरा घोळ छताचा आहे. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि परत जुलैच्या शेवटाकडे सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, म्हणजे सपाट काचेतून ऊन सरळ आत. टेबलावर कामाला ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) पुरतात आणि भर उन्हात लाखाच्या आसपास असतात, मग एवढं लख्ख बघितल्यावर डोळ्याला बाकीची खोली अंधारीच वाटणार ना, म्हणून उजेड असूनही ट्यूब लावल्या जातात. मार्च ते जून छतावर शेडनेट टाका, बाहेरून, म्हणजे तापही बाहेरच अडेल. पांढरी घ्या, शेतातली हिरवी टाकली तर सगळं ऑफिस हिरवट दिसेल.

आणि खुर्ची फिरवा, हे फुकट आहे. मॉनिटर बंद करून काळ्या स्क्रीनकडे बघा, त्यात जे चमकताना दिसेल तेच त्रास देतंय. खिडकी पाठीमागं नको, समोरही नको, बाजूला हवी. डिसेंबरात दुपारी सूर्य साधारण ४७ अंशांवरच असतो, तेव्हा चौकाच्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं, तिकडच्यांनी तेव्हा बघावं. एवढं करूनही डोकं दुखत राहिलं तर नंबर तपासून घ्या.

अकाउंट्सवाल्यांना सांगा, चौकाच्या काचेला टेकवलेली फायलींची कपाटं आधी हलवा. असतातच ती!