कॉइलभोवतीची जांभळी प्रभा

अंधारात तुझ्या टेस्ला कॉइलभोवती (खूप उच्च व्होल्टेज तयार करणारं यंत्र) जांभळट प्रभा दिसली, म्हणजे काही अगम्य ऊर्जा सापडली असं नाही. तो कोरोना डिस्चार्ज आहे. टोकाजवळचं विद्युतक्षेत्र सेंटीमीटरला साधारण ३० किलोव्होल्टच्या वर गेलं की हवा फुटते, म्हणजे वीज वाहू देते, नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होऊन निळा-जांभळा प्रकाश देतात. सुंदर दिसतो, मान्य! पण तो नेमका कुठे दिसतो हे आधी बघ.

वरच्या टोकाला असेल तर ठीक. तिथे गुळगुळीत, गोल टोरॉइड (धातूचं जाड कडं) बसवलास की कमी होईल. पण सेकंडरीच्या (बारीक तारेच्या उंच कॉइलच्या) वेढ्यांवरून ठिणग्या सरपटताना दिसल्या तर लगेच बंद कर. बहुतेकदा प्रायमरी (खालची जाड तारेची कॉइल) फार जवळ असते. सेकंडरी थोडी वर उचल आणि मगच वार्निशचे आणखी थर दे. आधीच काळी पडलेली रेघ मात्र वार्निशखाली झाकू नकोस. जळून झालेला तो कार्बन वीज वाहतो, खरवडूनच काढ.

तिखट वास आला तर तो ओझोन, खिडकी उघड. स्पार्क गॅपकडे (ठिणगी उडते त्या फटीकडे) थेट टक लावू नकोस, त्यातून अतिनील किरणं येतात. आणि प्लग काढला तरी कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरलेला असू शकतो. तो साठा रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर लावल्याशिवाय पुढचा प्रयोग करूच नकोस.