रात्री चार वेळा उठणाऱ्या वडिलांच्या तपासण्या कुठून सुरू कराव्यात?

आपले वडील 54 वर्षांचे असून सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करतात, तंबाखू-चुना खातात आणि काही महिन्यांपासून रात्री चार वेळा लघवीला उठतात. त्यासाठी सत्तर तपासण्यांचे पॅकेज घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. त्याआधी तीन दिवस एका वहीत, किती वाजता किती पाणी प्यायले आणि किती वाजता किती लघवी झाली, याची नोंद ठेवावी. मोजण्यासाठी एखादा जुना मापाचा डबा पुरतो. माझे थोरले बंधूही मागावरच होते. माग सोडून उठता येत नाही म्हणून ते उकाड्यातही दिवसभर पाणी टाळत आणि रात्री आठनंतर तीन तांबे रिचवत, हे त्यांच्या वहीतून पहिल्याच दिवशी उघड झाले.

तथापि केवळ पाण्यावर बोट ठेवून थांबू नये, कारण रात्रीची वारंवार लघवी हे मधुमेहाचेही लक्षण असते. उपाशीपोटी रक्तातील साखर 126 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून अधिक, अथवा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह धरतात. सोबत लघवीची साधी तपासणी, मूत्रपिंडाचे काम पाहणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आणि लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे पाहणारी सोनोग्राफी, एवढे बहुधा पुरेसे होते.

पन्नाशीनंतर पुरुषांत मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढणे सर्रास आढळते. धार बारीक होते, लघवी पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, पण ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. त्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी केली जाणारी पीएसए ही रक्ततपासणी मात्र डॉक्टरांशी बोलूनच करावी. मला स्वतःला लघवीचा जंतुसंसर्ग असताना कोणीतरी ती करवली आणि आकडा 11 आला. दोन महिने घरात कोणाला नीट झोप नव्हती. संसर्ग बरा झाल्यावर पुन्हा केली, तेव्हा तो 3 च्या खाली होता. संसर्गाने आणि साध्या वाढीनेही हा आकडा चढतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर तो मनस्ताप टळला असता.

सर्दीची काही औषधे प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अचानक अडवू शकतात, म्हणून ती दुकानातून परस्पर घेऊ नयेत. लघवी पूर्ण बंद झाली किंवा तीत रक्त दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती तंबाखूची, आणि तिच्याविषयी आपण एकच शब्द लिहिला आहे. उजेडात बसवून त्यांचे तोंड स्वतः पाहा: गालाच्या आत, जिभेखाली आणि चिमूट ठेवण्याच्या जागी पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही आढळल्यास दंतवैद्यांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तिशीनंतरच्या सर्वांसाठी रक्तदाब, साखर आणि तोंडाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसवावे आणि अर्धा तास आधीपासून तंबाखू खाऊ देऊ नये.

आपण लिहिता की, हा त्रास वडिलांनी सांगितला नाही, आईंच्या लक्षात आला. म्हणून वही वडिलांच्याच हाती द्यावी आणि डॉक्टरांच्या खोलीत त्यांना थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावे. मुलासमोर जे ते सांगणार नाहीत, ते तिथे सांगतील.